अंगावरचा कपडा उसवायचा नाही

माझ्या वहिनीला ऑफिसात ठिगळताई म्हणतात. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणीच कबूल करत नाही. ठेवलं ते चिडवायलाच. तिच्या कंपनीत नवं काही बांधणाऱ्यांना मान असतो, आणि बांधलेलं गळायला लागलं की बुजवणाऱ्यांना काम असतं. वहिनी बारा वर्षं बुजवते आहे. नाव तिच्या कानावर आलं त्याच दिवशी तिने ऑफिसच्या चॅटवर स्वतःचं नाव बदलून 'ठिगळताई' केलं आणि फोटोच्या जागी एका जुन्या विजारीच्या गुडघ्याचा फोटो लावला, ठिगळासकट. चिडवणाऱ्यांची हवाच गेली.

ती ज्या प्रोग्रॅमवर काम करते तो चिठ्ठ्या छापतो. हॉस्पिटलात प्रत्येक रुग्णाच्या औषधाच्या पुडीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: नाव, खाट, गोळी, किती, केव्हा. बेचाळीस हॉस्पिटलांतल्या नर्सेस ती चिठ्ठी वाचून गोळ्या देतात. "माझं अक्षर रोज हजारो माणसांच्या पोटात जातं," असं वहिनी म्हणते. आई त्यावर म्हणते, "आणि घरी भाजीत मीठ किती ते विचारावं लागतं."

वहिनीची आई कपडे शिवायची. बाजाराच्या गल्लीत एक अरुंद खोली, तीत मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाखाली अभ्यास करणारी वहिनी. त्या खोलीतली एकच वस्तू वहिनीने लग्नानंतर सोबत आणली: टाके कापायची छोटी कात्री, बोटभर लांबीची, मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. ती तिच्या कीबोर्डशेजारी असते. त्या कात्रीने वहिनी काही कापत नाही. विचार करताना उघडझाप करते. खोलीत करकर आवाज आला की समजायचं, वहिनी अडली आहे.

आपलं काम तिने आम्हाला एकदा त्या शिवणाच्या भाषेतच सांगितलं होतं. मुख्य प्रोग्रॅमला सगळे 'मेन' म्हणतात. कुणाला काही दुरुस्त करायचं असेल तर तो मेनची नक्कल काढतो. तिला ब्रँच म्हणायचं. ब्रँचवर हवे ते बदल करायचे. प्रत्येक बदलाची नोंद होते, नाव, तारीख आणि ओळीभर टिपण घालून. ती नोंद म्हणजे कमिट. काम झालं की ब्रँच मेनमध्ये मिसळायची. पण तुम्ही आठवडाभर दुरुस्ती करत बसलात तर तोवर बाकीच्यांनी मेन पुढे नेलेला असतो. मग आपले कमिट जुन्या मेनवरून सोडवायचे आणि नव्या मेनवर एकेक करून पुन्हा बसवायचे. ह्याला रीबेस म्हणतात.

"म्हणजे बाही उसवून नव्या अंगाला जोडायची," वहिनी म्हणाली होती.

"मग एवढं काय त्यात?" दादाने विचारलं. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि ज्या कामात हात काळे होत नाहीत त्याला तो काम मानत नाही.

"एवढंच, की आई म्हणायची: माझ्या टेबलावर आहे तोवर शंभरदा उसवीन. गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला की उसवायचा नाही. तिथे ठिगळच लावायचं, आणि ठिगळ दिसलं तर दिसू द्यायचं."

कारण ब्रँच तुमच्या एकट्याची असते, पण मेन सगळ्यांच्या अंगावर असतो. सात जणांच्या यंत्रांवर त्याच्या नकला असतात, त्यावर त्यांचं काम उभं असतं. तुम्ही मागचे टाके उसवले की सातही जणांचं काम सुटतं, आणि कुणी कधी काय केलं ते कुणालाच कळेनासं होतं. मेनवर जबरदस्तीने नवा इतिहास चढवायची सोय आहे, पण तिची किल्ली त्या ऑफिसात दोघांकडेच होती. एक साहेबांकडे आणि एक ठिगळताईकडे. साहेबांनी नऊ वर्षांत कोडला हात लावलेला नव्हता, म्हणजे खरं तर एकीकडेच.

त्या दिवशी सकाळी साडेआठला तिचा फोन वाजला. दादा दारात बसून बुटाची नाडी बांधत होता, आई शेंगा सोलत होती. फोन एका हॉस्पिटलातल्या नर्सबाईंचा होता. वहिनीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, कारण तिच्या हातात चहाचे तीन कप होते.

"ताई, तुमच्या चिठ्ठीवर पाच गोळ्या लिहिल्यात."

"कुठल्या?"

"रक्त पातळ करायच्या. एवढीशी आजी आहे हो, फुंकर मारली तर उडेल. पाच कशा देईन? मी डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर अर्धी आहे."

वहिनीने कप खाली ठेवले. "पाचाच्या आधी टिंब दिसतंय का?"

"चष्मा लावून बघते… दिसल्यासारखं वाटतंय. आमच्या प्रिंटरची शाई कधी लागते, कधी नाही."

"पण ते मी दुरुस्त केलंय. आता 'अर्धी' असं अक्षरात यायला हवं."

"तसं पत्रही आलं होतं तुमचं. म्हणून तर आता आम्ही कागद बघत नाही, चिठ्ठीच बघतो."

ह्या वाक्यावर वहिनीने फोन जवळ ओढला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आजपासून अर्ध्या गोळीची एकही चिठ्ठी खरी धरू नका. कागद बघा. सगळ्या वॉर्डांना सांगा. मी शोधते."

तिने लॅपटॉप तिथेच उघडला, शेंगांच्या टोपलीशेजारी. कात्रीची करकर सुरू झाली. आईने सोलायचं थांबवलं नाही, पण टरफलं आवाज न करता टाकायला लागली.

मेनच्या नोंदी एका एका ओळीत खाली सरकत गेल्या. वहिनीने त्या दुरुस्तीची ब्रँच काढली. चार कमिट केले होते तिने. मेनमध्ये तीनच होते. चौथा, म्हणजे खरा, अर्धीला 'अर्धी' म्हणणारा, नव्हताच. अकरा आठवड्यांपूर्वी ब्रँच रीबेस करताना तो गळला होता. रीबेस करणाऱ्याचं नाव तिचंच होतं.

करकर थांबली.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली.

"काय केलंस?" दादाने विचारलं. एक बूट पायात, एक हातात.

"आपलं निवडलं."

कुणालाच काही कळलं नाही. मग तिने सांगितलं. रीबेस करताना कधीकधी एकाच ओळीवर दोघांनी दोन वेगळे बदल केलेले असतात. तेव्हा यंत्र थांबतं आणि विचारतं, ह्यातलं कुठलं ठेवू? 'अवर्स' की 'देअर्स', आपलं की त्यांचं? माणूस अर्थातच आपलं म्हणतो. पण रीबेसमध्ये तुम्ही आधीच नव्या मेनवर जाऊन उभे असता. त्यामुळे यंत्राच्या लेखी मेन हे 'आपलं' असतं, आणि तुम्ही स्वतः केलेलं, मागून आणलेलं काम 'त्यांचं' होतं. घाईत 'आपलं' म्हटलं की तेच गळतं.

"हे तर नवीन लग्न झालेल्या मुलीसारखं झालं," आई म्हणाली. "सासरी पाय ठेवला की सासरचं ते आपलं, आणि माहेरचं ते त्यांचं."

"अगदी तस्संच, आई. आणि बारा वर्षं झाली तरी घाईत माझ्या तोंडून उलटंच निघतं."

"ते मला ठाऊक आहे. परवा 'आपल्याकडे असं करत नाहीत' म्हणालीस, तेव्हा कुठल्या आपल्याकडे ते मी विचारलं नाही."

वहिनी हसली, पण डोळे स्क्रीनवरच होते. गळलेला चौथा टाका तिने शोधून काढला होता. तो बसवायला तिला वीस मिनिटं लागली. टिपण लिहायला अर्धा तास लागला.

टिपण महत्त्वाचं होतं. दर गुरुवारी चार वाजता प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बेचाळीस हॉस्पिटलांत जाते, आणि तिच्यासोबत बदलांची यादी जाते. ती यादी कुणी लिहीत नाही. मागच्या आवृत्तीनंतर मेनवर जी टिपणं चढली असतील ती आपोआप एकाखाली एक लागतात. त्या दिवशी गुरुवार होता. वहिनीने लिहिलं:

"अर्ध्या गोळीची दुरुस्ती अकरा आठवड्यांपूर्वी झाली असं कळवलं होतं. रीबेस करताना ती माझ्याकडून गळली. ह्या अकरा आठवड्यांत छापलेल्या चिठ्ठ्यांवर .5 हे 5 असं वाचलं गेलं असू शकतं. उरलेल्या पुड्या तपासाव्यात." खाली नाव आणि फोन नंबर.

"नंबर कशाला?" दादा म्हणाला.

"तुझ्या लिफ्टमध्ये नसतो का लावलेला?"

ह्यावर दादाने दुसरा बूट घातला आणि निघून गेला.

पुढचं ऑफिसात घडलं. ते मला वहिनीने चार वाक्यांत सांगितलं आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवाल्याने दोन तास, घरी येऊन, अभिनयासकट. मी दोन्ही जुळवून लिहिते आहे.

साडेअकराला साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. कुणाचं मूल आजारी पडलं तर स्वतः गाडी काढून नेणारा आहे. पण सोमवारी तपासणीस येणार होते, एका मोठ्या हॉस्पिटल-समूहाचे. ते मेनच्या नोंदी पहिल्या पानापासून वाचणार होते. आणि पुढच्या महिन्यात वहिनी ऑफिसातल्या ह्या चिठ्ठ्यांच्या गटाची प्रमुख होणार होती. नेमणुकीचं पत्र साहेबांच्या खणात तयार होतं. ते त्यांनी खणातून काढून टेबलावर ठेवलं, तिला दिसेल असं.

"दुरुस्ती छान केलीत," साहेब म्हणाले. "आता एवढंच करा. मेन अकरा आठवडे मागे न्या, तो चौथा कमिट जिथे बसायला हवा होता तिथे बसवा, बाकीचं त्याच्यावर रीबेस करा आणि चढवा. किल्ली तुमच्याकडेच आहे."

"म्हणजे चूक झालीच नव्हती."

"म्हणजे इतिहास स्वच्छ होईल."

"आणि आजच्या यादीत ती ओळ येणार नाही."

"नाही येणार. कशाला यायला हवी? दुरुस्ती तर जातेच आहे ना आज सगळीकडे. कुणाला काही झालेलं नाही."

"कुणाला काही झालेलं कळलेलं नाही, साहेब. छापलेल्या पुड्या आहेत तिथे, कपाटांत. त्यांच्यावर अजून पाच लिहिलंय. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता बेचाळीस फोन लावते."

"फोन कुणी कुणाला लावायचा नाही." मग आवाज खाली आणून, "अहो, मी तुमचंच नाव वाचवतोय. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी समजू शकलो असतो. चूक तुमची, आणि झाकायला तुमचाच नकार?"

वहिनी म्हणाली, "माझी आहे म्हणूनच तर नकार द्यायचा हक्क आहे मला. दुसऱ्याची असती तर त्याला विचारावं लागलं असतं."

साहेबांनी दुसरी वाट काढली. "बरं. मग टिपण बदला. आठवड्याभराचे सगळे कमिट एकत्र गुंडाळा आणि वर लिहा, 'किरकोळ दुरुस्त्या'. खोटं तर नाही ना ते?"

"दहापट गोळी किरकोळ?"

"तुम्ही हट्टी आहात."

"ऑफिसात मला ठिगळताई म्हणतात," वहिनी म्हणाली. "ठिगळ दिसू नये असं वाटत असेल तर दुसरी बाई बघा."

आणि ती बाहेर आली. पत्र टेबलावरच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती सगळे जमले. आठ जणांच्या टेबलावर चमच्यांचा आवाज. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "ताई, जरा नमतं घ्या की. चार वाजता यादी जाईल, चार वाजून एक मिनिटाने तुमचं प्रमुखपद जाईल."

"तू माझ्या मेनवर काम करतोस ना? तीन आठवडे झाले तुझ्या ब्रँचला?"

"हो."

"मी आत्ता मागचं उसवलं तर तुझं काय होईल?"

चष्मेवाल्याने विचार केला. "रडेन."

"मग जेव गुपचूप."

तीन वाजता तिच्या स्क्रीनवर एक ओळ आली: मेनवर इतिहास बदलण्याची तिची परवानगी काढून घेण्यात आली आहे. किल्ली गेली. तिने ती ओळ वाचली, खिडकी बंद केली आणि दुसऱ्या एका बगवर काम सुरू केलं. कुठल्याशा हॉस्पिटलात रुग्णाचं लांब आडनाव चिठ्ठीबाहेर जात होतं. चष्मेवाला म्हणतो, त्या पाऊण तासात तिने कात्रीला हातही लावला नाही. अडलेली नव्हतीच ती.

अडले होते साहेब. काचेच्या खोलीत ते बाह्या सरसावून स्वतः बसले होते. नऊ वर्षांनी कीबोर्ड जवळ ओढला होता. बाहेरून सगळ्यांना दिसत होतं: टायपिंग, मग थांबणं, मग कपाळावर हात, मग फोनवर काहीतरी शोधणं. मेन मागे नेला होता त्यांनी, निदान स्वतःच्या यंत्रावर. चौथा कमिट बसवलाही होता. मग पुढचे एकशे बारा त्याच्यावर चढवायला गेले आणि तिसऱ्यावरच यंत्र थांबलं. चार वाजायला वीस मिनिटं असताना दार उघडलं.

"इथे विचारतंय," साहेब दारातूनच म्हणाले, कुणा एकाकडे न बघता, "'अवर्स' ठेवू की 'देअर्स'. ह्यात 'आपलं' म्हणजे कुणाचं?"

आठही खुर्च्यांतून आवाज आला नाही. उत्तर सगळ्यांना येत होतं. नवीन लागलेल्या मुलीलाही येत होतं. ते तिला पहिल्याच आठवड्यात ठिगळताईने कागदावर दोन घरं काढून शिकवलं होतं. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मुलगी टेबलाखाली काहीतरी पडलेलं शोधू लागली.

साहेबांनी शेवटी वहिनीकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

वहिनी उठून उभी राहिली. "त्याच्यावरच तर सकाळपासून अडलंय, साहेब. आपलं म्हणजे कुणाचं."

"मला शिकवू नका. उत्तर द्या."

"उत्तर दिलं तर अजून एकशे नऊ वेळा द्यावं लागेल. दर वेळी यंत्र विचारेल. मी एकदा चुकले तर अकरा आठवडे कळलं नाही. तुम्ही घाईत किती वेळा चुकाल? आणि त्या वेळी नोंदीत कुणाचंच नाव नसेल."

साहेब दारात उभेच राहिले. चष्मेवाला सांगतो, त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग सात जणांच्या सात स्क्रीनकडे. त्या प्रत्येक यंत्रावर मेनची नक्कल होती, आणि प्रत्येक नकलेत ती ओळ होती. मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं. ते हरले की त्यांना पटलं, ह्यावर चष्मेवाल्याचं आणि माझं अजून एकमत नाही. वहिनीला त्यात रस नाही. चार वाजले, आवृत्ती गेली, यादी गेली.

पहिला फोन सव्वाचारला आला. मग रांगच लागली. एका औषधवाल्याने वहिनीला फोनवर पाच मिनिटं झाडलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आता कपाट उघडा, मी थांबते फोनवर." तो पुड्या मोजायचा आणि ती हो म्हणायची. दोन हॉस्पिटलांनी सांगितलं, आमच्याकडे टिंब ठळक छापलं जातं, काही गडबड नाही. एकाने फोन ठेवूनच दिला. सातव्या ठिकाणी, दुसऱ्या मजल्यावरच्या एका कपाटात, तीन पुड्या सापडल्या. तिन्हींवर पाच. संध्याकाळच्या होत्या, अजून द्यायच्या होत्या.

वहिनी घरी आली तेव्हा उजेड होता. आईने तिच्याकडे बघून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"किल्ली घेतली म्हणे? तुझ्या चष्मेवाल्याचा फोन आला होता."

"घेतली. पदही गेलं. उद्या तिथे दुसऱ्या कुणाचं नाव लागेल."

"मग?"

"मग काय. आडनाव चिठ्ठीबाहेर जातंय एकाचं, ते आत घ्यायचंय."

दादा लिफ्टचं ग्रीस लागलेल्या हातांनी दारात उभा होता. तो म्हणाला, "मी असतो तर पुसलं असतं." मग एक बूट काढत म्हणाला, "म्हणजे, पुसलं नसतं. पण पुसावंसं वाटलं असतं."

"मला नाही वाटलं असं कुठे म्हटलं मी?" वहिनी म्हणाली. "साहेब दारात उभे होते ना, तेव्हा उत्तर ओठांवर होतं माझ्या. एक शब्द."

दादाने विचारलं नाही कुठला. आईने विचारलं, "आपलं, की त्यांचं?"

वहिनी उत्तर देणार तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने ओल्या हातानेच उचलला. पलीकडे बाईचा आवाज होता, वयस्क, रागावलेला.

"ह्या यादीत एक नाव आहे. चूक माझ्याकडून झाली असं लिहिलंय. त्या तुम्हीच का?"

"हो, मीच," वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "कपाटाची किल्ली आहे ना तुमच्याकडे? उघडा. मी आहे फोनवर."